सुई, सलाईन आणि घड्याळ

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन पक्षाघात होतो म्हणजे काय, हे या सभागृहात नव्याने सांगायला नको. पुढच्या दोन रांगांत माझेच पेशंट बसलेत. (हशा) गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज १९९५ च्या अमेरिकी चाचणीत त्रास सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं, उपयोगी ठरलं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. हे आपल्याला ठाऊकच आहे, पुढे जातो.

चीनमध्ये या औषधाच्या जोडीने अ‍ॅक्युपंक्चरही करतात. तिआनजिनच्या शी श्युएमिन यांनी १९७२ मध्ये पक्षाघातासाठी सुयांची एक पद्धत बसवली. सुया मनगटाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर आणि नाकाखालच्या खळगीत. ही नाकाखालची सुई चोच मारल्यासारखी हलवायची, रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

इथे माझं गाडं अडतं. अल्टेप्लेज दिल्यावर चोवीस तास रक्तदाब १८०/१०५ च्या वर जाऊ द्यायचा नसतो, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. १९९५ च्या त्याच चाचणीत औषध घेतलेल्या शंभरातल्या सहा जणांना तसा त्रास झाला. अशा माणसाला मी त्याच रात्री टोचून रडवू?

मागच्या रांगेतले एक गृहस्थ मान हलवताहेत. अहो, सुईशी माझं वैर नाही! उलट ती भारतात आणणाऱ्यांत आपली माणसं होती. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. अटल, मुखर्जी, बसू, नागपूरचे चोळकर आणि… सोलापूरचं कुणी आहे का इथे? (टाळ्या) हां, कोटणीस! ते ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे आपल्याला तेवढेच आठवतात. पण बिजयकुमार बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात ते सुरू केलं. त्या प्रवासावर तर एक वेगळं व्याख्यान…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! मग मोजकं बोलतो.

औषध आणि सुया एकत्र दिल्या की माणूस जास्त सुधारतो, असं अनेक चिनी चाचण्या सांगतात. पण त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत एका गटाला नुसतं औषध, दुसऱ्याला औषध आणि सुया. कुणाला टोचलंय, हे टोचून घेणाऱ्याला कळतंच ना! नुसतं औषध घेणाऱ्या गटाला खोटी सुई लावून तपासलं, तरच सुईचा स्वतःचा गुण कळेल. तोवर मी एवढंच म्हणेन: सुई पुढच्या आठवड्यांतल्या व्यायामाच्या जोडीला येऊ द्या, पण पहिल्या तासांत नको. त्या काळात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो संदेश! पक्षाघात झाला तर रुग्णाला हलवू नका, दहाही बोटं सुईने टोचून रक्त काढा. आपल्यापैकी कितीजणांनी तो पुढे पाठवलाय, हे विचारत नाही. कुणी हात वर करणार नाही. (हशा) तो शी यांचा नाही, कुठल्या चाचणीतलाही नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात त्याला लगेच न्या. तो संदेश मात्र आज घरी जाऊन पुसा.