लाल दिवा कुठल्या बाजूला?

दोस्तांनो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मी नौदलाच्या अधिकारी निवडीला गेलो होतो. मुलाखतीत साधा प्रश्न आला: रात्री उजवीकडून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसतोय, वाट कोण सोडणार? मी गप्प. आजोबा रत्नागिरीहून जाऊन जन्मभर आगबोटीवर खलाशी होते, आणि त्यांना मी हे कधी विचारलंच नव्हतं. निवड झाली नाही. आता सॉफ्टवेअर लिहितो.

तर ऐका. जहाजाच्या डाव्या बाजूला, म्हणजे पोर्टला, लाल दिवा. उजव्या, स्टारबोर्डला, हिरवा. यंत्रावर चालणाऱ्या दोन जहाजांचे मार्ग छेदत असतील, तर ज्याच्या उजवीकडे दुसरं आहे, त्याने वाट सोडायची. म्हणजे त्या प्रश्नात मी. आणि जवळ येणाऱ्या जहाजाची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल, तर धडकेचा धोका आहेच असं धरायचं. १९७२ चे हे आंतरराष्ट्रीय नियम वॉचवरच्या अधिकाऱ्याला तोंडपाठ लागतात.

सागरी मैल १,८५२ मीटरचा. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. जीपीएस गेलं तर सेक्स्टंट आणि तारे. त्यातले अल्टेअर, अल्देबरान ही नावं अरबीतून आलेली. मराठीत तेच श्रवण आणि रोहिणी. (ही दोन्ही नावं घरात होती, बरं का.)

माझं वय निघून गेलं, तुमचं आहे. फॉर्म भरण्याआधी एका संध्याकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवर जा. अंधारात एखादी बोट दिसली की दिव्यांवरून सांगा, ती येतेय की चाललीय.