वीजबचतीचा हिशेब



वैशाखात आपल्या बार्शीटाकळीत पंखा आणि कूलर ही चैन नसून गरज असते. म्हणून बचतीसाठी उकाडा सोसावा, असे मी सांगणार नाही. हिशेबाची सवय आपल्या घराघरांत आहे. तीच वीजबिलाला लावावी, एवढेच निवेदन.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. महिन्याच्या पहिल्या 100 युनिटांनंतरचे युनिट अधिक महाग पडते. त्यामुळे वाचते ते नेहमी वरच्या टप्प्यातील, म्हणजेच महाग युनिट.

जुना पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटारीचा सुमारे 30. रोज 15 तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिट वाचतात. कूलरच्या ताट्या वेळेवर बदलल्या आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली, तर तेवढ्याच विजेत अधिक गारवा मिळतो.

2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या छतावरील सौर संचास 78,000 रुपये केंद्रीय अनुदान ठरविले गेले. मात्र आधी वापर आटोक्यात आणावा, मगच संचाचा आकार ठरवावा. अन्यथा आपण उधळपट्टीसाठीच भांडवल गुंतवू.