लाल अक्षर आणि न सांगितलेलं नाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



‘पाप, अपराधभाव आणि सूड’ असा विषय फळ्यावर वाचून काहीजणींना वाटलं असेल, आज प्रवचन आहे की काय! तसं काही नाही. मी एका कादंबरीबद्दल बोलणार आहे. नॅथॅनिअल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’. ती १८५० साली आली. इंग्रजीच्या वर्गात ती बहुधा पापाची आणि पश्चात्तापाची गोष्ट म्हणून शिकवतात. मला मात्र ती आपल्या केस-फाइलीसारखी वाचावीशी वाटते. बाई कोण, तिचा न्याय कोण करतंय, मूल कुणाकडे, पोटापाण्याचं काय, आणि बाप कुठे आहे?

गोष्ट १६४० च्या दशकातल्या बोस्टनची. इंग्लंडमधून आलेल्या प्युरिटन लोकांची ही वसाहत. धर्म आणि राज्यकारभार एकमेकांत गुंतलेले, मत देण्याचा हक्क फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना. व्यभिचाराला तिथे कायद्याने देहदंड होता, आणि तो नुसता कागदावर नव्हता. १६४४ साली मेरी लेथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना बोस्टनमध्ये खरोखरच फाशी दिलं. मेरी जेमतेम अठरा वर्षांची होती, नवरा म्हातारा. आता त्या कायद्याची व्याख्या बघा. बाई विवाहित असेल तरच व्यभिचार. विवाहित पुरुष अविवाहित बाईकडे गेला तर तो व्यभिचार नव्हे! म्हणजे गुन्हा नवऱ्याच्या मालकीविरुद्धचा. ओळखीचं वाटतं ना? आपल्या दंडसंहितेतलं ४९७ कलम याच तर्कावर उभं होतं. फरक एवढाच, की आपल्याकडे शिक्षा फक्त पुरुषाला होती. ते रद्द व्हायला २०१८ साल उजाडावं लागलं.

हेस्टर प्रिनला फाशी होत नाही. नवरा बहुधा समुद्रात बुडाला असावा, बाई तरुण आहे, असं म्हणून न्यायाधीश ‘दया’ दाखवतात. तीन महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन तीन तास चौथऱ्यावर उभं राहायचं आणि जन्मभर छातीवर ‘ए’ हे लाल अक्षर लावायचं. व्यभिचाराला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचं ते आद्याक्षर. गंमत म्हणजे तो शब्द अख्ख्या कादंबरीत एकदाही येत नाही.

चौथऱ्याखाली गर्दी आहे आणि गर्दीत बाया आहेत. त्यांचं बोलणं वाचताना अंगावर काटा येतो. एकीला वाटतं, कपाळावर डाग द्यायला हवा होता. दुसरी म्हणते, हिने आम्हा सगळ्यांना खाली बघायला लावलं, ही मेलीच पाहिजे. ‘बाईच बाईची शत्रू’ म्हणणाऱ्यांना आयता पुरावा! पण त्याच घोळक्यात लेकराचा हात धरून उभी असलेली एक तरुण आई आहे. ती हळूच हेस्टरची बाजू घेते. कायदा करणाऱ्यांत यांच्यापैकी एकही नाही. त्यांच्या वाट्याला फक्त बघणं आणि बोलणं आलंय. मोहल्ल्यात, चाळीत काम करताना मी घोळक्यातली ती एक बाई शोधते. बहुतेक वेळा ती सापडते.

आता नावाचा प्रश्न. चौथऱ्यावर हेस्टरला भर गर्दीत विचारलं जातं, बाप कोण? आणि तिला ते सांगायची विनंती करायला लावतात कुणाला, तर आर्थर डिम्सडेल या तरुण, लोकप्रिय धर्मोपदेशकाला. बाप तोच आहे. हेस्टर नाव सांगत नाही. पुष्कळजणी याला प्रेमासाठी केलेला त्याग म्हणतात. असेलही. मला त्यात दुसरंही काही दिसतं. माझ्या देहाची झडती घ्यायचा तुम्हाला अधिकार नाही, असं ती सांगते आहे. अविवाहित आईने पालकत्वासाठी अर्ज करताना बापाचं नाव उघड करायची सक्ती नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मान्य केलं. तोवर किती कचेऱ्यांमध्ये किती बायांना तो प्रश्न, त्याच आवाजात, विचारला गेला असेल!

हेस्टर सुईदोऱ्यावर जगते. गव्हर्नरच्या कपड्यांना, सैनिकांच्या पट्ट्यांना, बाळांच्या टोपड्यांना, मयताच्या कफनालासुद्धा तिचं भरतकाम चालतं. चालत नाही ते फक्त नवरीच्या पदराला. कामात विटाळ नाही, लग्नात मात्र आहे! स्वतःच्या शिक्षेचं अक्षरही ती सोनेरी दोऱ्याने असं भरते की बघणारे चक्रावतात. पुढे मुलगी काढून घ्यायचा विचार सुरू होतो, तेव्हा ती गव्हर्नरच्या दारात जाऊन उभी राहते. तीन वर्षांच्या पर्लला विचारतात, तुला कुणी निर्माण केलं? ती पोरगी सांगते, तुरुंगाच्या दाराशी गुलाबाचं झुडूप आहे ना, तिथून आईने मला खुडलं. अधिकाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार. इथे हेस्टर डिम्सडेलकडे वळून त्याला बोलायला भाग पाडते. तो बोलतो, मुलगी वाचते. पण बोलतो ते धर्मोपदेशक म्हणून.

या माणसाबद्दल समीक्षक फार हळवे होतात. तो रात्री स्वतःला चाबकाने मारून घेतो, उपास करतो. व्यासपीठावरून ‘मी महापापी’ म्हणतो, आणि लोक त्याला आणखीच साधू मानतात. एकदा मध्यरात्री अंधारात तो चौथऱ्यावर चढतो. पर्ल विचारते, उद्या दुपारी माझा आणि आईचा हात धरून उभा राहशील? तो नाही म्हणतो. सात वर्षं नाही म्हणतो. त्याचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या दुःखाचा हेस्टरच्या चुलीला काय उपयोग? पर्लला काय उपयोग? अपराधभाव आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुपदेशनाला आलेला नवरा ढसाढसा रडतो, तेव्हा पोटगीचा आकडा विचारायला आपण विसरू नये. शेवटी तो भर दिवसा, त्या दोघींचा हात धरून चौथऱ्यावर चढतो खरा, आणि कबुली देऊन तिथेच मरतो. पुढचं सगळं पुन्हा हेस्टरकडेच.

तिसरा रॉजर चिलिंगवर्थ, हेस्टरचा नवरा. बुडाला म्हणतात तो बुडालेला नाही. नाव बदलून वैद्य म्हणून गावात राहतो. तुरुंगात हेस्टरला भेटतो तेव्हा कबूल करतो, की म्हातारपणी कोवळ्या मुलीशी लग्न केलं ही चूक आपलीच. इतकं कळूनही सुडाला लागतो! तिला गप्प राहायचं वचन घ्यायला लावतो, डिम्सडेलच्या घरात राहून औषधाच्या नावाखाली त्याचं मन कुरतडतो. रोगी मेल्यावर वर्षाच्या आत स्वतःही संपतो. जगायला दुसरं कारणच उरलेलं नसतं. मिळकत मात्र पर्लच्या नावे करून जातो. लेखकाने हा धागा सोडूनच दिलाय, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

आणि हेस्टरचा अपराधभाव? एका ठिकाणी तिला वाटतं, आपलं खरं पाप म्हणजे या नवऱ्याच्या हातात मन नसताना आपण हात दिला, त्याच्याबरोबर सुखी आहोत असं स्वतःला समजावलं. डिम्सडेलची ती क्षमा मागते ती चिलिंगवर्थबद्दल गप्प राहिल्याची. प्रेम केल्याची नव्हे. १८५० साली एका पुरुषाने हे लिहिलं. त्याचा एक पूर्वज, जॉन हॅथॉर्न, सेलमच्या १६९२ च्या चेटकीण-खटल्यांत न्यायाधीश होता, आणि त्याची लाज हॉथॉर्नच्या मनात होती.

शेवटी हेस्टर परदेशी जाते आणि परत येते. कुणी सांगितलेलं नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावते. हे वाचून मी दर वेळी अस्वस्थ होते. ही शरणागती आहे, की तो डाग आता तिने स्वतःचा केला आहे? कारण त्यानंतर तिच्या झोपडीत बाया येऊ लागतात. फसवलेल्या, टाकलेल्या, कुणालाच नको असलेल्या. ती त्यांना सांगते, कधीतरी बाई आणि पुरुष यांचं नातं नव्या पायावर उभं राहील. पण ते सांगणारी प्रेषित म्हणजे निष्कलंक बाईच असायला हवी, आपल्यासारखी डागाळलेली नव्हे, असंही हॉथॉर्न तिच्या मनात घालतो. इथे माझं त्याच्याशी अजिबात पटत नाही. झोपडीत येऊन बसलेल्या बाया आपापसात काय बोलल्या, हे त्याने लिहिलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, काय बोलल्या असतील? चर्चा तिथूनच सुरू करू या.