माहितीच्या भुयारास कुंड्या हव्यात

बऱ्हाणपूरच्या भूमीखालून वाहणाऱ्या पाण्याची कीर्ती फार जुनी आहे. अब्दुल रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारांतून शहरात आणले गेले. त्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. कुंडीतून आत उजेड व हवा जाते आणि माणसाला उतरून भुयार पाहता येते. तपासणीची सोय बांधणाराने बांधकामातच केली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याच शहरात आज दुसरा एक अदृश्य प्रवाह वाहतो. तो नागरिकांच्या खासगी माहितीचा होय. मध्य प्रदेशात ‘समग्र’ योजनेखाली कुटुंबास आठ अंकी आणि व्यक्तीस नऊ अंकी क्रमांक मिळतो. शिधा, शिष्यवृत्ती, निराधारांचे वेतन यांसाठी तो द्यावा लागतो. मागावर राबणाऱ्या विणकराचे वय, जात, कुटुंब हे सारे सरकारी संगणकात नोंदलेले असते.

या प्रवाहाला धोका कसला, याचा अनुभव राज्याने घेतला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘ई-नगरपालिका’ या संगणक-यंत्रणेवर हल्ला झाला आणि चारशेहून अधिक नागरी संस्थांची ऑनलाइन कामे काही दिवस अडली. तेव्हा माहिती चोरीस न जाणे एवढ्यानेच तिचे रक्षण होत नाही. तिच्यात कोणी फेरफार करू नये आणि गरजेच्या वेळी ती हाती लागावी, हेही रक्षणच होय.

मग कार्यालयाची परीक्षा कशी करावी? महागडी यंत्रे मोजून ती होत नाही. बदली झालेल्या कारकुनाचे खाते त्याच दिवशी बंद झाले काय? एकच पासवर्ड चौघे वापरतात काय? कोणी कोणती नोंद उघडली, हे मागाहून कळते काय? राखून ठेवलेली प्रत प्रत्यक्ष पुन्हा चालवून पाहिली आहे काय? ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार संगणक-यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात व हल्ला झाल्याचे ध्यानी येताच सहा तासांत कळवावे लागते. कागदावरचे हे नियम त्या कार्यालयातील माणसांना ठाऊक आहेत काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. परंतु अनुदान वा दाखला देण्यासाठी माहिती वापरताना शासनास दर वेळी संमती घ्यावी लागत नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. दुकानदार आवडला नाही तर ग्राहक दुसरीकडे जातो. शिधापत्रिकेसाठी रांगेत उभ्या असलेल्या विधवेला दुसरे दार नसते. तिला नकार देता येत नाही, म्हणूनच तिची माहिती घेणाऱ्याचे उत्तरदायित्व अधिक मोठे ठरते.

ही परीक्षा कार्यालयाबाहेरच्या जाणकारांनी करावी, ठराविक काळाने करावी, आणि तिचा निष्कर्ष सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगावा. कुंड्या बुजवल्या तर भुयारात कोठे गाळ साचला, हे पाणी आटल्यावरच कळेल.