लहरी, तार आणि तबकडी

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. नांव मुंबईचें असलें तरी लहरींस नगरपालिकेची हद्द ठाऊक नसते. वरळीहून सुटलेलें चित्र मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यास आलें, आणि पारसिकच्या डोंगरावरून कशीबशी वाट काढीत डोंबिवली-कल्याणकडेहि पोंचलें. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत घरांत येण्याची त्याची वाट वारंवार बदलली. प्रथम तें हवेंतून येई; पुढें तारेनें येऊं लागलें; आतां तें कोठें उपग्रहाकडून, तर कोठें इंटरनेटच्या धाग्यावरून येतें. प्रत्येक बदलाबरोबर चित्र अधिक सुरेख झालें, यांत शंका नाहीं. परंतु तें कोणाला दिसावें आणि कोणत्या अटीवर दिसावें, हें ठरविण्याची किल्ली प्रत्येक वेळीं घरापासून थोडी दूर सरकली. चित्रांतील सुधारणा डोळ्यांत भरते. किल्लीचें सरकणें भरत नाहीं. म्हणून त्याचाच विचार येथें मुख्यतः करावयाचा आहे.

दूरचित्रवाणीच्या लहरी नभोवाणीच्या मध्यम लहरींप्रमाणें जमिनीचें वळण धरून जात नाहींत. त्या बहुतांशीं सरळ रेषेंत धांवतात. म्हणूनच वरळीस सुमारें ३०० मीटर उंचीचा मनोरा उभारावा लागला. सरळ रेषेंत मोजलें तर वरळीपासून ठाणें २५ ते ३० किलोमीटर, डोंबिवली ३५ ते ४०, आणि कल्याण ४० च्या थोडें पुढें. अंतर कांहीं फार नव्हे. अडचण होती ती डोंगराची. मुंब्र्यापासून दक्षिणेस बेलापूरकडे गेलेली पारसिकची रांग डोंबिवलीच्या नेमकी वाटेवर उभी आहे. ह्या डोंगरास भोंक पाडून रेल्वेनें १९१६ सालीं आपल्या जलद गाड्यांचा मार्ग सरळ करून घेतला. डोंगराआडच्या कुटुंबांना चित्रासाठीं बोगदा खणणें शक्य नव्हतें. त्यांना उंच चढणेंच भाग होतें.

आणि ती चढलीं. पुढील दहा-पंधरा वर्षांत ह्या गांवांच्या कौलांवर आणि गच्च्यांवर ऍल्युमिनियमच्या दांड्यांचें एक रानच उगवलें. पहिल्या वाहिनीच्या लहरींची लांबी कांहीं मीटर, आणि अँटेनाची दांडी लहरीच्या सुमारें निम्मी असावी लागते. त्यामुळें त्या दांड्या माणसाच्या उंचीहून लांब असत. लोखंडी नळाच्या टोकास त्या बसवीत आणि सर्वांचीं तोंडें नैर्ऋत्येस, वरळीकडे, वळवीत. नवख्या माणसास दिशा विचारण्याचें कारणच पडत नसे. शेजारच्या गच्चीकडे पाहिलें कीं झालें. एक जण वर नळ फिरवीत आहे, दुसरा जिन्यांत उभा आहे, आणि तिसरा पडद्यापुढें बसून "आलें, आलें... गेलें!" असें ओरडत आहे, हा देखावा ज्यानें पाहिला नाहीं असें त्या पिढींतलें घर विरळा. वाऱ्यानें दांडी फिरली किंवा वर कावळा बसला कीं पडद्यावर मुंग्या दिसूं लागत. डोंबिवलीकडे पुष्कळ घरांत बूस्टर नांवाची लहानशी पेटी जोडून क्षीण लहरी वाढवाव्या लागत. मात्र ही पेटी चित्राबरोबर मुंग्यांनाहि वाढवी, हें विक्रेता सहसा सांगत नसे.

असें असूनहि त्या मोडक्या व्यवस्थेंत एक गुण होता. यंत्र एकदां विकत घेतलें, टपालकचेरींत जाऊन वर्षाचा परवाना काढला (हें परवान्याचें प्रकरण ऐंशीच्या दशकांत संपलें), आणि दांडी वरळीकडे वळविली, कीं मधें कोणी उरत नसे. "गजरा" किंवा "आमची माती, आमची माणसं" पाहण्यास कोणाची दरमहा मनधरणी नको. ज्यांच्या घरीं यंत्र नसे तींहि मंडळी शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर येऊन बसत, आणि त्यांची मोजदाद वरळीस कोणी ठेवीत नसे.

रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ रोजीं सुरू झालें, तेव्हांची एक गोष्ट आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे. जी पद्धती भारतानें स्वीकारली तिच्यांत रंगाची माहिती अशा खुबीनें मिसळलेली असे कीं जुन्या काळ्या-पांढऱ्या यंत्रास तिचा उपद्रव होऊं नये. रंगीत यंत्र घेणारानें रंग पाहावेत. न घेणाराचें चित्र पूर्वींसारखेंच चालू. सरकती लांकडी दारें असलेलीं आणि कुलूप लावून ठेवलेलीं तीं जुनीं यंत्रें ठाण्या-कल्याणच्या दिवाणखान्यांत पुढें कित्येक वर्षें मानानें नांदलीं, तीं ह्याच योजनेमुळें. नवें आणतांना जुन्याची वाट बंद करावयाची नाहीं, हा विवेक यंत्रशास्त्राला अशक्य नव्हता, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

तारेचें युग आलें तें १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास. त्यापूर्वींहि एखाद्या वसाहतींत व्हिडिओ लावून तारेनें घरोघर चित्रपट पुरविणारे उद्योगी तरुण होतेच. आतां उपग्रहावरून परदेशी वाहिन्या उतरूं लागल्या, आणि २ ऑक्टोबर १९९२ पासून झी टीव्हीची हिंदी वाहिनी सुरू झाली. केबलवाल्यानें आपल्या गच्चीवर थोरली तबकडी बसविली आणि तेथून काळ्या तारा झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, गल्ली ओलांडून दारोदार नेल्या. पारसिकचा अडसर एका दिवसांत संपला, कारण चित्र आतां डोंगरापलीकडून नव्हे, थेट डोक्यावरून येत होतें. १९९९ मध्यें अल्फा मराठी आणि २००० मध्यें ई टीव्ही मराठी ह्या वाहिन्या आल्या, त्या ह्याच तारेवरून.

तारेला स्वतःचीं दुखणीं होतीं. लांब पल्ल्याच्या तारेंत चित्र क्षीण होत जातें, म्हणून मधें मधें तें वाढविणारीं यंत्रें बसवावीं लागतात, आणि त्यांना वीज लागते. भारनियमनाच्या वर्षांत असें होई कीं घरांत दिवे आहेत, पण वाटेवरच्या कोणत्या तरी गल्लींत अंधार आहे, म्हणून पडदा कोरा. कोणती वाहिनी कितव्या क्रमांकावर, कोणती मुळींच नाहीं, हें केबलवाला ठरवी. थोडक्यांत, किल्ली घरांतून निघून गल्लीच्या कोपऱ्यावर गेली. पण कोपरा जवळ होता. केबलवाला नांवानें ठाऊक असे, त्याला हांक मारतां येई, एखाद्या महिन्याचे पैसे पुढील महिन्यावर ढकलतां येत. सरकारनें १९९५ सालीं ह्या धंद्यासाठीं कायदा केला, तरी व्यवहार बराचसा असाच ओळखीवर चाले.

खरी उलथापालथ डिजिटल पद्धतीनें केली. २०११ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं तारेवरून जाणारें प्रत्येक चित्र सांकेतिक रूपांत जावें, आणि तें उलगडण्यासाठीं प्रत्येक यंत्रापाशीं सेट-टॉप बॉक्स असावा. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ची होती. दुसऱ्या टप्प्यांत दहा लक्षांवरील वस्तीचीं ३८ शहरें घेतलीं. त्यांत ठाणें, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली होतीं, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. लहरींना जी हद्द ठाऊक नव्हती ती आतां तारेला शिकविण्यांत आली. पांच महिने मुलुंडच्या घरांत पेटीवांचून पडदा कोरा, आणि नाक्यापलीकडे ठाण्यांत जुनीच तार बिनदिक्कत चालू! कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरची वस्ती दहा लक्षांहून कमी, म्हणून तें तिसऱ्या टप्प्यांत गेलें. अंबरनाथ-बदलापूरहि त्याच टप्प्यांत, ज्याची मुदत पुढें ३१ डिसेंबर २०१५ ठरली. मुरबाड-शहापूरकडील खेड्यांची पाळी त्याहूनहि मागाहून. एकाच रेल्वेमार्गावरील माणसांना चार निरनिराळ्या तारखा मिळाल्या.

ह्या बदलामागील कारणें पोकळ होतीं असें म्हणतां येणार नाहीं. एका जुन्या वाहिनीच्या जागेंत डिजिटल पद्धतीनें आठ-दहा वाहिन्या मावतात. शिवाय जुन्या तारेवर ग्राहक किती, हें केबलवाल्याशिवाय कोणास कळत नसे. तो वाहिनीवाल्यांना एक आंकडा सांगे, करमणूक-कराच्या कचेरीस दुसरा. पेटी आली आणि माणसें मोजलीं जाऊं लागलीं. दोष आहे तो निराळ्याच ठिकाणीं. एका कंपनीची पेटी दुसरीच्या तारेवर चालत नाहीं. डोंबिवलीचें बिऱ्हाड ठाण्यास हलविलें आणि तेथें दुसऱ्या कंपनीची तार असली, कीं पैसे भरून घेतलेली पेटी अडगळींत जाते. ह्या पेट्या परस्परांशीं जुळत्या असाव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, २०२० सालीं केली; तोंवर घरोघर पेट्या बसूनहि गेल्या होत्या. १९८२ चा विवेक येथें कोणास आठवला नाहीं.

आणखी एक फरक आहे, आणि तो वृद्ध माणसांना विशेष जाणवतो. जुनें चित्र क्षीण होतां होतां हळूहळू मंदावे. मुंग्यांच्या आडून कां होईना, बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा ओळखूं येई आणि आवाज बहुधा शाबूत असे. डिजिटल चित्रास हा मधला मार्ग ठाऊक नाहीं. तें असतें तोंवर निर्मळ असतें. लहर एका मर्यादेखालीं गेली कीं त्याचे चौकोनी तुकडे होतात, आणि मग चित्र व आवाज दोन्ही जातात. घरावरच्या लहान तबकडीस येणाऱ्या लहरी अवघ्या अडीच सेंटीमीटरांच्या आसपास असतात, आणि कोंकणचा मुसळधार पाऊस त्यांना पिऊन टाकतो. पावसाची बातमी पाहण्याची निकड असते नेमकी तेव्हांच पडद्यावर "सिग्नल नाहीं" अशी अक्षरें येतात. केबलवाल्याच्या थोरल्या तबकडीच्या लहरी त्याहून लांब असल्यामुळें पावसाला पुष्कळ दाद देत नसत.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या दरपद्धतीप्रमाणें १०० वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यांवर कर, असा मूळ आकार ठरला. पैशाच्या वाहिन्यांची किंमत निराळी. हवी ती वाहिनी निवडण्याची मुभा ग्राहकाला मिळाली, हें न्यायाचेंच झालें. पण निवड करावयाची ती याद्यांतून, आणि त्या याद्या वाचून घरांतील आजी-आजोबांना समजावून देणारा मुलगा बहुधा पुण्यास किंवा परदेशीं असतो. तरुण मंडळींनीं ह्या साऱ्याकडे केव्हांच पाठ फिरविली आहे. ती कल्याणच्या जलद लोकलमध्यें उभ्या उभ्या हातांतल्या फोनवर मालिका पाहतात, आणि वाटेंत चित्र थांबलें तर तेवढ्यापुरती त्रासतात.

इकडे हवेची जुनी वाट मुकाट्यानें बंद झाली. जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक प्रसार भारतीनें टप्प्याटप्प्यानें मिटविले, आणि मार्च २०२२ पर्यंत सामरिक महत्त्वाच्या जागचे सुमारें ५० सोडून बहुतेक सारे बंद झाले. गच्चीवर एखादी ऍल्युमिनियमची दांडी अजून नैर्ऋत्येकडे तोंड करून उभी असेल, तर तिला ऐकूं येण्यासारखें आतां तिकडून कांहीं निघत नाहीं.

वर्गणीवांचून पाहण्याचा एक मार्ग मात्र शिल्लक आहे, आणि तो शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत फारसा ठाऊक नसतो. दूरदर्शनची फ्री डिश ही सेवा उपग्रहावरून चालते. तबकडी आणि पेटी एकदां विकत घेतली कीं दरमहा कांहीं द्यावें लागत नाहीं, आणि तिच्यावर सह्याद्री वाहिनीहि दिसते. एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसास, किंवा गांवाकडून येऊन दिव्यास खोली घेतलेल्या कुटुंबास, ती पुरेशी आहे. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाशीं स्थिर दिसतो. म्हणून तबकडीचें तोंड नैर्ऋत्येस नव्हे, आग्नेयेस आणि बरेंच वर ठेवावें लागतें. ठाण्यांतील दाटीच्या उंच इमारतींत उत्तरेकडील घरांना आग्नेयेचें आकाश मुळींच दिसत नाहीं. त्यांना तबकडी गच्चीवर लावावी लागते, आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या चिटणीसांपाशीं असते.