पोर्ट सईदचा धडा



तुमच्यापैकी ज्यांच्या घरातले वडीलधारे बोटीवर होते, त्यांनी पोर्ट सईदचे नाव लहानपणीच ऐकले असेल. मुंबईहून विलायतेला निघालेली आगबोट तांबडा समुद्र ओलांडून सुएझ कालव्यात शिरे. कालवा संपला की भूमध्य समुद्राच्या तोंडाशी इजिप्तचे हे बंदर लागे.

हे शहर फार जुने नाही. १८५९ साली कालव्याचे खोदकाम सुरू झाले, तेव्हा समुद्र आणि मंझाला सरोवर यांच्यामधील वाळूच्या पट्टीवर ते वसवले गेले. इजिप्तचे तत्कालीन सत्ताधीश सईद पाशा यांचे नाव त्याला मिळाले. १८६९ मध्ये कालवा खुला झाला. त्याच वर्षीचा ५६ मीटर उंचीचा काँक्रीटचा दीपस्तंभ आजही तेथे उभा आहे.

कोळशाच्या काळात बोटी येथे कोळसा भरीत. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या मजुरांची रांग फळ्यांवरून चढत असे. फेरीवाल्यांच्या होड्या बोटीला बिलगत. दोरीला बांधलेल्या टोपलीतून माल वर जाई, पैसे खाली येत आणि घासाघीस मात्र अधांतरीच चाले!

माझे आजोबा १९५० नंतरच्या काळात खलाशी म्हणून येथून गेले. बंदर आले की सारेजण घरी पत्र पाठवीत. आजोबांना लिहिता येत नव्हते. लिहिणारा जोडीदार सर्वांसाठी एकच मजकूर लिही : ‘मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी.’ मनातले बोलणे परक्याला कसे सांगावे? ते मनातच राही.

आता याच बंदरातली दुसरी हकीकत ऐका. २६ जुलै १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. कालव्यातून जहाजे नेणारे बहुसंख्य पायलट युरोपीय होते. सप्टेंबरात ते काम सोडून गेले. आता कालवा बंद पडणार, असे अनेकांना वाटले. परंतु थोडेसे इजिप्शियन पायलट, मागे राहिलेले काही ग्रीक आणि नव्याने आलेले परदेशी यांनी जादा पाळ्या करून जहाजे चालू ठेवली. पुढे कालवा बंद पडला तो युद्धामुळे. ज्ञान कमी पडले म्हणून नव्हे.

पालकहो, खलाशाची मेहनत कमी दर्जाची नाही. त्या मेहनतीवरच आमची घरे उभी राहिली. पण त्याच जहाजावर अधिकारी होण्याची वाट शाळेतून जाते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. इंग्रजीही चांगले लागते. म्हणून दोन पैशांच्या घाईने मुलाची शाळा सोडवू नका. मुलींसाठीही ही वाट खुली आहे, हे विसरू नका.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही कोणत्याही बंदराला जा. घरी पाठवायचे पत्र मात्र स्वतःच्या हाताने लिहा. माझ्या आजोबांची ती इच्छा अपुरी राहिली.