दुःख ऐकणाऱ्याने ते ठेवावे कुठे?

(मानसोपचार आणि समुपदेशन क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संध्याकाळचे सात वाजले आहेत. एका समुपदेशिकेसमोरून दिवसातला आठवा माणूस नुकताच उठून गेला आहे. सकाळी तिने तरुण मुलगा गमावलेल्या आईचे बोलणे ऐकले, दुपारी नवऱ्याच्या मारहाणीने खचलेल्या स्त्रीचे आणि आता परीक्षेत नापास होऊन जीव द्यायला निघालेल्या मुलाचे. दिवा मालवून, कुलूप लावून ती रिक्षात बसते. घरी सासूबाई विचारतात, ‘‘आज एवढी गप्प का गं?’’ तिला उत्तर देता येत नाही. जे ऐकले ते घरी सांगण्याची मुभा तिच्या व्यवसायाने तिला दिलेली नाही. ऐकलेले दुःख तिच्याजवळच राहते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी आठ जणांच्या दुःखाचा थर चढतो.

हे चित्र कल्पनेतले आहे. पण येथे बसलेल्या बहुतेकांच्या ओळखीचे आहे. दुःख ऐकणाऱ्याने ते ठेवावे कुठे, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

वात का करपते?

या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव रूढ झाले ते न्यूयॉर्कमध्ये. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे मानसोपचारतज्ज्ञ दिवसभर आपला व्यवसाय करीत आणि रात्री गरिबांसाठी चालणाऱ्या मोफत चिकित्सालयात राबत. आपल्याबरोबर काम करणारे ध्येयवादी तरुण काही महिन्यांतच थकतात, चिडचिडे होतात आणि ज्यांच्यासाठी आले त्यांच्याचविषयी कडवट होतात, हे त्यांनी पाहिले. ते स्वतःही त्यातून गेले. १९७४ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. पुढे कॅलिफोर्नियातील क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन लक्षणे मांडली आणि १९८१ साली सुसान जॅक्सन यांच्यासह ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पहिले लक्षण भावनिक थकवा. दुसरे कोरडेपणा, म्हणजे समोरचा माणूस ‘माणूस’ न राहता ‘केस’ होणे. आणि तिसरे, आपल्या हातून काहीच घडत नाही अशी निष्फळतेची भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही बर्नआउटची नोंद आहे. मात्र तेथे त्याला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था असे म्हटले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष वातीचा नाही. तेल न घालता ती जळत ठेवली गेली, हे करपण्याचे कारण आहे.

आपल्या देशात हा ताण अधिक आहे. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण मात्र लाख लोकसंख्येमागे एकही भरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांतच दहा लाखांहून अधिक दूरध्वनी आले. त्यातील प्रत्येक दूरध्वनी कोणीतरी उचलला आहे. त्या उचलणाऱ्याच्या मनाची चौकशी कोण करतो?

‘उपचार’ हा शब्द

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच भाषेतील एका शब्दापाशी थोडे थांबायला हवे. रुग्णावर करतात ते उपचार, आणि देवाला अर्पण करतात तेही उपचारच. पंचोपचार, षोडशोपचार हे शब्द घरोघरी ठाऊक आहेत. षोडशोपचारांचा क्रम पाहिला तर तो घरी आलेल्या पाहुण्याच्या आदरातिथ्याचा क्रम आहे. आधी आवाहन, मग आसन, मग पाय धुण्यास पाणी. आलेल्याला बसायला जागा आणि प्यायला पाणी देणे, त्याच्याकडे पूर्ण लक्ष देणे, हा उपचाराचा मूळ अर्थ आहे. समोरचा माणूस ‘केस’ होऊ लागला, तर या अर्थाची आठवण औषधासारखी उपयोगी पडते. दार उघडून उठून उभे राहणे, पाण्याचा पेला स्वतः पुढे करणे, नाव घेऊन बोलावणे. याला मंत्र लागत नाही, वेळही लागत नाही. पण या लहानशा विधीने ऐकणाऱ्याचेच मन सावध होते, कोरडेपणाला पहिला बांध पडतो.

थकव्यावरचे उत्तर पूजेच्या आरंभी आहे. संकल्प सोडताना यजमान आपले नाव उच्चारतो, स्थळ-काळ उच्चारतो आणि हे कर्म आपल्या ज्ञानाप्रमाणे, जमलेल्या साहित्यानिशी, यथाशक्ती करीत असल्याचे सांगतो. म्हणजे संकल्पातच मर्यादेची कबुली आहे. हातून होईल तेवढेच करायचे आहे, आणि तेवढे मनापासून करायचे आहे. जगातील सर्व दुःख दूर करण्याचा संकल्प कोणतीही परंपरा एका माणसाकडून सोडवून घेत नाही. तो भार ध्येयवादी माणूस स्वतःच उचलतो आणि त्याखाली दबतो. दिवसाचा पहिला माणूस आत येण्यापूर्वी मिनिटभर डोळे मिटून आज कोणाकोणाला भेटायचे आहे ते आठवावे, आणि ‘यथाशक्ती’ एवढा एकच शब्द मनात म्हणावा. काम कमी होत नाही. पण कामाला कडा येते.

तिसरे लक्षण निष्फळतेचे. सहा महिने प्रयत्न करूनही माणूस व्यसनाकडे परत जातो, एखादा जीव हातातून निसटतो. अशा वेळी आधुनिक व्यवसाय आत्मपरीक्षण करायला सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण आत्मपरीक्षणाचा शेवट कोठे करायचा? पूजेच्या शेवटी क्षमाप्रार्थना असते. मंत्रात चूक झाली असेल, क्रियेत उणीव राहिली असेल, भक्ती कमी पडली असेल, हे सारे बोलून दाखवायचे आणि मग केलेले कर्म ईश्वराला अर्पण करायचे. यज्ञात आहुती देताना ‘न मम’ म्हणतात, त्याचाही आशय हाच. चूक आहे हे मान्य. फळ आपल्या हाती नव्हते हेही मान्य. या दोन्ही गोष्टी एका श्वासात म्हणता येणे ही मनाच्या आरोग्याची मोठी सोय आहे.

आणि यानंतर येते विसर्जन. पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा करणारा मराठी माणूस त्याच मूर्तीची उत्तरपूजा करून तिला पाण्यात सोडतो. डोळ्यांत पाणी येते, तरीही सोडतो. ज्याचे आवाहन केले त्याचे विसर्जन करायचे, ही शिस्त लहान मुलालाही दरवर्षी शिकवली जाते. समुपदेशनाच्या खोलीत दिवसाकाठी आठ-आठ दुःखांचे आवाहन होते. विसर्जन मात्र होत नाही. ते राहून गेलेले विसर्जन म्हणजेच ती रिक्षातली गप्प संध्याकाळ. स्मशानातून आल्यावर आंघोळ करण्याची, बाहेरून आल्यावर पायांवर पाणी घेऊनच घरात येण्याची, दिवेलागणीला देवापुढे हात जोडण्याची आपली रीत आहे. तिच्यात स्वच्छतेबरोबर ही सीमारेषा ओढण्याचेही शहाणपण आहे. दिवस संपताना नोंदवही मिटावी, हातपाय धुवावेत, आज भेटलेल्या प्रत्येकाचे मनात नाव घ्यावे, त्याचे भले चिंतावे आणि त्याला त्याच्या देवाच्या स्वाधीन करावे. मगच कुलूप लावावे.

अनुभव काय सांगतो?

ही कोणाला केवळ भाविकता वाटेल. म्हणून दूरच्या एका रुग्णालयाचे उदाहरण पाहू. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स हे परिचारक तातडीच्या विभागात काम करीत. रुग्ण दगावला की सारे जण हातमोजे काढून पुढच्या रुग्णाकडे धावत. एकदा रुग्णालयाच्या धर्मोपदेशकाने सर्वांना थांबवून प्रार्थना केली. ते बार्टेल्स यांच्या मनात राहिले. पुढे त्यांनी प्रथा सुरू केली. मृत्यूनंतर काही क्षण सर्वांनी स्तब्ध उभे राहायचे, गेलेला माणूस कोणाचा तरी आप्त होता हे स्मरायचे, त्याला वाचवण्यासाठी झटलेल्या हातांचा आदर करायचा. प्रार्थना ज्याची त्याने आपल्या मनात करायची. ‘द पॉज’ या नावाने ही प्रथा अनेक रुग्णालयांत पोचली.

जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर यांनी केलेला प्रयोगही बोलका आहे. दुसऱ्याच्या वेदनेशी समरस होण्याचे शिक्षण दिले तेव्हा शिकणाऱ्यांच्या क्लेशदायक भावना वाढल्या. त्यांनाच नंतर करुणेचे, म्हणजे दुसऱ्याचे भले चिंतण्याचे, शिक्षण दिले तेव्हा तो क्लेश ओसरला आणि मनाला बळ देणाऱ्या भावना वाढल्या. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्त प्रसन्न राहावे म्हणून मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत. दुसऱ्याच्या दुःखासमोर करुणा ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. करुणेची ही साधना करणाऱ्याच्या स्वतःच्या चित्तासाठीही आहे, हे आपण विसरलो होतो.

भार वाटून घेणारे हात

आपल्या देशातील दोन अनुभव येथे आठवण्याजोगे आहेत. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि त्यांना उपचारात सामील करून घेतले. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील मुथुस्वामी मंदिरात राहिलेल्या ३१ जणांची पाहणी केली. तेथे कोणताही खास विधी त्यांच्यावर केला जात नव्हता. दैनंदिन पूजेत सहभाग, मंदिरातील साधी कामे आणि सोबत घरचे माणूस, एवढेच. तरीही लक्षणांच्या मोजणीत सुमारे २० टक्के घट दिसली. आश्रय देणाऱ्या, न हिणवणाऱ्या वातावरणाला अभ्यासकांनी त्याचे श्रेय दिले. दोन्ही ठिकाणी दुःखाचा भार एकट्या वैद्यावर नव्हता. कुटुंब, गाव आणि देव, सगळ्यांनी तो वाटून घेतला होता.

समुपदेशकालाही हा मार्ग मोकळा आहे. २०२०-२१ च्या महामारीत अनेकांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही घडले नाही. असा माणूस समोर येतो तेव्हा त्याचे दुःख शब्दांनी किती हलके होणार? त्याच्या घरच्या रीतीने काही करायचे राहून गेले आहे का, हे विचारावे. देह हाती नसताना पालाशविधी करण्याची सोय आपल्या परंपरेने ठेवलेली आहे. त्याची इच्छा असेल तर त्याने आपल्या गुरुजींना विचारावे, नदीवर जावे, नातेवाईक बोलवावेत. जे काम समाजाचे आहे ते समाजाकडे परत जाते आणि उपचार करणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझेही उतरते.

मर्यादांचे भान

मात्र काही गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, श्रद्धास्थानाच्या आसऱ्याने चालणाऱ्या खासगी निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात मृत्युमुखी पडले. श्रद्धा औषधाची जागा घेऊ लागते आणि माणसाला बांधून ठेवते, तेव्हा काय होते याचे ते भयंकर उदाहरण आहे. कोणत्याही धर्माच्या श्रद्धास्थानाने ते विसरू नये. म्हणून विधी हा उपचारकाचा स्वतःचा असावा. रुग्णावर तो लादला जाऊ नये. रुग्णाचा देव कोणता, किंवा देव आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा. नास्तिक समुपदेशकालाही दोन क्षण मौन पाळता येते.

दुसरे, संस्थाचालकांनीही ऐकावे. एका माणसाकडे दिवसाला पंधरा जण पाठवायचे, सुट्टी द्यायची नाही, वेतन तुटपुंजे ठेवायचे आणि वर प्रार्थनेला बसवायचे, हा विधीचा अपमान आहे. दिव्यापुढे हात जोडल्याने तेलाची गरज संपत नाही. ज्येष्ठांचे मार्गदर्शन, सहकाऱ्यांशी मोकळे बोलणे, विश्रांती आणि गरज पडल्यास स्वतःसाठी उपचार, हे सारे तेल आहे. विधी ही वात सरळ ठेवण्याची काळजी आहे.

शेवटी त्या समुपदेशिकेकडे परत जाऊ. उद्याही तिच्यासमोर आठ माणसे येतील. त्यांच्या दुःखाची तीव्रता कमी होणार नाही. पण सकाळी दार उघडण्यापूर्वी ती मिनिटभर थांबेल. प्रत्येकाला पाहुण्यासारखे आसन देईल. संध्याकाळी एकेकाचे नाव घेऊन, हात धुऊन, दिवा मालवेल. घरी सासूबाई विचारतील तेव्हा ऐकलेले काही ती सांगणार नाही. पण ‘‘आज खूप माणसे भेटली हो आई, सगळ्यांचे भले होवो,’’ एवढे म्हणून ती देवापाशी निरांजन लावायला वळू शकेल. ते निरांजन उद्याही तेवत राहावे, यासाठी येथून जाताना प्रत्येकाने आपापला संकल्प सोडावा, एवढीच प्रार्थना.